उशाशी ठेवलेली पेटी

सोमवार, ९ जानेवारी

घडलं ते असं—
१. बाबांनी शॅमेलिऑन जातीचा सरडा विकत आणला. हिरवा, वीतभर, शेपटीची गुंडाळी.
२. पेटी काचेची, चहूबाजूंनी बंद. पुढे फक्त तळहाताएवढी जाळी.
३. विकणाऱ्याची अट: पाणी फवारायचं नाही, ठिबक लावायचं नाही. पेटी उशाशी ठेवून जाळीकडे तोंड करून झोपायचं. "माणसाच्या श्वासावर भागते त्याची तहान."
४. बाबांना पटलं. मला नाही.

मंगळवार, १० जानेवारी

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "काचेत कोंडलंत तर फुप्फुसं सडतील त्याची! जाळीचा पिंजरा घ्या, पानांवर फवारा मारा. थेंब चाटून पितो तो. हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

बाबांना शब्दशः सांगितलं. "तिच्या उशाशी कधी झोपलाय का तो?"

आत्या येऊन गेली. "लग्नाची मुलगी घरात, आणि हा सरड्याला उशाशी घेऊन झोपतो!" बाबा खो-खो हसले. आई गेल्यापासून असे हसले नव्हते. म्हणून पेटी तिथेच राहू दिली.

रविवार, १५ जानेवारी

हवेत किती ओल आहे ते सांगणारी मापकं तपासायची, हेच माझं कारखान्यातलं काम. तीन घरी आणली. एक पेटीत ठेवलं, एक बाबांच्या पलंगावर, एक बाहेरच्या खोलीत. सकाळी पेटीत ब्याण्णव टक्के, पलंगावर अठरा. बाकी घरात पंचावन्न.

अठरा! आमच्या भट्टीजवळही इतकी कोरडी हवा नसते.

मापकांची अदलाबदल केली. त्या त्या जागी आकडे तेच.

बुधवार, १८ जानेवारी

बाबांचे ओठ फुटलेत. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहते. तांब्या भरलेलाच. "तहानच नाही गं."

सरडा टवटवीत.

गुरुवार, १९ जानेवारी

बाबा नको नको म्हणत असताना सरडा जाळीच्या पिंजऱ्यात घालून बाल्कनीत ठेवला. फवारा, ठिबक—सगळं डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे. पानांवरून थेंब ओघळतात. तो बघतही नाही.

शनिवार, २१ जानेवारी

सरड्याचे डोळे खोल गेले. बाबांचेही.

घरीच सलाईन लावलं. बाबांचे डॉक्टर म्हणाले, "पाणी जातंय, पण अंगात ठरत नाहीये. असंच राहिलं तर कठीण आहे."

विकणाऱ्याला फोन केला.

"पेटी हलवलीत ना? लागलेली सवय मध्येच मोडू नका, ताई. दोघांनाही सोसत नाही."

"दोघांना म्हणजे?"

"शेजारी कोणीतरी झोपा. कोणीही चालेल त्याला."

मग त्याने फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

रविवार, २२ जानेवारी

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी सरडा परत काचेच्या पेटीत घातला आणि पेटी माझ्या उशाशी आणली. चाचणी म्हणून. एका रात्रीपुरती.

सोमवार, २३ जानेवारी

बाबांनी सकाळी हाक मारून पाणी मागितलं. अख्खा तांब्या रिकामा केला!

बुधवार, १ फेब्रुवारी

विकणाऱ्याला आज पाठवलेला निरोप:

"बाबा बरे आहेत. सरडाही. पेटी माझ्या उशाशी असते. त्यांना सांगितलेलं नाही. माझ्या पलंगावर आज सकाळी सतरा टक्के होते. बाकी काही विचारायचं नाही. हा सरडा किती वर्षं जगतो, तेवढं कळवा. शुक्रवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत, त्याआधी उत्तर हवं."