दुसऱ्या बाजूनं बोलताना

मळमड्डी, धारवाड

ती. वन्संच्या पायांशी उत्तराचा नमस्कार.

मी बरी आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षात पन्नाशीची मी एकटीच, पण मुलं अक्का म्हणून सांभाळून घेतात. तुमचा गुडघा कसा आहे?

इथे एक चर्चेचा तास असतो. वादाचा विषय देतात आणि आपल्या मताच्या उलट बोलायला लावतात. परवाचा विषय होता, आशा न उरलेल्या रोग्याचं व्हेंटिलेटर काढावं का. माझं मत 'काढावं', म्हणून मला 'काढू नये' म्हणायचं होतं. ह्यांच्या वेळी सही मी केली होती, हे तिथे कुणाला ठाऊक नाही.

उठले, तर तोंडून तुमचीच वाक्यं आली. "हात अजून गरम आहे. गरम हात कसा सोडायचा?"

"अक्का, हरवलंत की हो आम्हाला!" समोरच्या बाजूची दीपश्री ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

वन्सं, सही मी आजही करीन. पण तेव्हा तुम्ही भावाचा हात धरून बोलत होता आणि मला ते भांडण वाटलं.

त्यानंतर आपण त्यांचं नावही काढलेलं नाही. दिवाळीत मिरजेला आले, तर त्यांच्याबद्दल बोलाल माझ्याशी?

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
उत्तरा