डोंगरावरची खोटी खुरं

सर, डोंगरावर डुकराची पावलं मीच उमटवली. तुमी वर्गात सांगायचे ते आसामचं बुटकं रानडुक्कर आपल्याकडं आलंय, जगात थोडीच उरलीत, आन् आता गवताला जो काडी लावंल त्याला वनखातं उचलनार, ही आवई बी माझीच. सुप्याच्या कंपनीत माल ठेवायच्या पॅलेटचं लाकूड पडल्यालं असतंय, त्याचं एक खूर कोरलं. शिफ्टला जाताना डोंगरातल्या पाझर तलावाच्या वल्या कडंला दाबून जातो.

तुमी जाऊन पाच वर्सं झाली, पर ते डुक्कर डोक्यातनं जात न्हाई. तुमी बाकाला हात लावून दाखवताय, एवढं फूटभर. आई नाकाडानं जमीन उकरती, वरनं गवताचं छप्पर करती, पिल्लं आत झोपत्यात. गवत पेटलं की घर बी गेलं, लपन बी गेलं. मी म्हनलो, "सर, मंग घरकुलात नाव लावा की त्याचं." मला उभं केलंत, पर तुमाला बी हसू फुटलं हुतं. दर उन्हाळ्यात नव्या गवतापायी डोंगर पेटवू नका म्हनून तुमी दारोदार फिरायचे. लोक चहा पाजायचे आन् दुसऱ्या दिवशी पेटवायचे. औंदा मातर डोंगर तसाच पिवळा उभा हाय. परवा तितराची अंडी बघितली.

पर जिवाला घोर लागलाय. तुमची नात, सातवीतली, पट्टी घेऊन तलावावर बसल्याली.

"दादा, आजोबांच्या वहीत तर ते आसामातच ऱ्हातंय."

"आलं आसंल फिरत."

"एवढं लांब? चालत?"

"मंग काय, एष्टीनं?"

हसली न्हाई. तुमच्यावर गेलीय. "चारी खुरांना एकाच जागी टवका कसा?" म्हनली. "शनवारी शाळेतल्या बाईंना आननारे."

बाई खोटं म्हनल्या की सांजच्याला डोंगर पेटलाच. पाऊस पडंस्तवर तरी टिकायला पायजे. म्हनून आज सुट्टी टाकून आनखी तीन खुरं कोरतोय, बोट बी कापलं. खरं सांगू, त्या पोरीनं तोंडावर खोटारडा म्हनलं तर मला सोसायचं न्हाई.

तुमी तिच्या सपनात येता म्हनं. या, लाड करा, पाढे इचारा, पर हे सांगू नका. आन् तिकडं आमचा आजा भेटंल, त्याला तर आजिबात न्हाई, त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. कुनालाच सांगू नका, सर. पाया पडतो.