खिडकीपासून तिसरा लॅपटॉप

४ ऑगस्ट

सकाळी नऊला ठरवलं— या महिन्यात लॅपटॉप घ्यायचाच. दुपारी दोनला ठरलेलं मोडलं!

नऊची हकीकत : मार्गदर्शक बाईंचा निरोप. पहिलं प्रकरण ३१ ऑगस्टपर्यंत, टाइप करून. नाही आलं तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. बाई माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. त्या मला मॅडम म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे तिसऱ्या माणसाला कळत नाही. मागच्या वेळी नोंदणी रद्द झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि कारण पाळण्यात होतं. ते कारण आता बावीस वर्षांचं आहे. परगावी शिकतं. घरातला एकुलता एक लॅपटॉप त्याच्याबरोबर गेला.

दोनची हकीकत : संपादक. "एक सप्टेंबरपासून प्रत्येक बातमीबरोबर व्हिडिओ. तुमच्या फोनमध्ये माणसं धुक्यातून चालत आल्यासारखी दिसतात, बाई. नवा घ्या. नाहीतर तुम्हाला डेस्कवर बसवावं लागेल." वीस वर्षं गावभर हिंडून बातम्या दिल्या. आता खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या बातम्यांची शेपटं कापायची?

फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकदम होणार नाहीत. हे आमच्या यांना न सांगताच कळलं, मलाही. 'आणि'चं इतरेतर द्वंद्व परवडत नाही. 'किंवा'च्या वैकल्पिकावर भागवायचं.

६ ऑगस्ट

दुकानात गेले. नुसतं बघायला! विक्रेते महाशय पन्नाशीचे, अंगात कंपनीचा पिवळाधमक टीशर्ट, त्यातून पोट नम्रपणे पुढे आलेलं. धडाधड सांगायला लागले— सोळा जीबी, पाचशे बारा, चौदा इंच, आठ तास. मी म्हटलं, "ही सगळी सूत्रं झाली. भाष्य कुठे आहे?" ते हसले नाहीत. म्हणाले, "टाइप करून बघा. भाष्य बोटांना कळतं."

खिडकीपासून तिसऱ्या लॅपटॉपवर दोन ओळी बडवल्या. ते कान देऊन ऐकत होते.

"दहाही बोटं? कुठे शिकलात?"

पूर्वी ते टायपिंगचा क्लास चालवायचे. मशीनं भंगारात गेली, मास्तर इकडे आले. यापुढे त्यांना मास्तरच म्हणणार.

७ ऑगस्ट

दिवसभर फोनवर फोनांचेच व्हिडिओ पाहिले. बॅटरी चार वेळा मेली.

९ ऑगस्ट

सल्लागार मंडळाची बैठक. धाकटे दीर : "वहिनी, मी असतो तर थांबलो असतो. उतावळे लोक घाई करतात. नवीन मॉडेल येतंय." दीर गेली सहा वर्षं थांबलेत. शेजारीण : "गुलाबी रंगात मिळतो का बघा." हे जमीनमोजणी खात्यातले, त्यामुळे मत न देता माझं टेबल मोजून आले. "पंधरा इंची मावतो. पण मग चहाचा कप खाली ठेवावा लागेल."

मुलाला फोन केला. मी प्रोसेसरबद्दल विचारत होते, तो भलतंच विचारत होता.

"आई, तुला प्रकरण लिहायचंय, की लॅपटॉप निवडायचाय?"

"दोन्ही."

"लिहिलंस किती?"

मी म्हटलं, रेंज जातेय.

१२ ऑगस्ट

पुन्हा दुकान. तोच तिसरा. कीबोर्ड तपासायचा म्हणजे काहीतरी लिहायला हवं. कखगघ किती वेळा लिहिणार? म्हणून लिहिलं, "दूत निघतो." मग पुढचं आपोआप आलं. जुन्या काव्यांत दूताला सगळं सांगतात. वाट कुठली, खुणा कुठल्या, थांबायचं कुठे, कुणाशी काय बोलायचं. पानंच्या पानं! पण तो पोचला का, निरोप ऐकून समोरच्याचं तोंड कसं झालं, हे सांगायला कवी थांबत नाही. निरोप देणाऱ्याचं दुःख मोठं, घेणाऱ्याचंही मोठं. मधला जो उन्हातान्हात चालला, त्याचं काय? माझा प्रबंध या मधल्या माणसावर आहे. म्हणजे असणार आहे.

अर्धं पान झालं. शेवटी सवयीने माझं नाव आणि फोन नंबर टाकला. मास्तर मागे उभे! "तपासायच्या मजकुरालाही नंबर?" बातमीखाली नंबर नसेल तर डेस्क ती कचऱ्यात टाकतं, हो. वीस वर्षांची खोड.

१५ ऑगस्ट

पंधरा ऑगस्टलाही पुलाचं काम चालू, म्हणून तिथे गेले होते. मुकादम चांगला बोलला, मी फोनवर चित्रण केलं. संपादकांनी उत्तर पाठवलं— "यात पूल कुठला आणि मुकादम कुठला?" उद्या फोन घेऊन टाकते. बास!

१६ ऑगस्ट

नाही घेतला. दुकानात गेले फोनच घ्यायला, पण पाय तिसऱ्याकडे वळले. त्या दिवशीचं अर्धं पान तिथेच होतं. कुणीतरी मधे "हॅलो हॅलो पिंकी" लिहून ठेवलेलं. पिंकीला पुसलं आणि पुढे लिहिलं.

१९ ऑगस्ट

चार पानं. मास्तरांनी कुठूनसं स्टूल आणून दिलं. "उभ्याने कंबरडं मोडतं, ताई. घ्या हवा तेवढा वेळ. ठरवायची घाई नको."

घरी यांनी विचारलं, "काय ठरलं?"

"कीबोर्ड थोडा कडक आहे. अजून तपासते आहे."

"पाठ काय त्या कडकपणानेच दुखतेय का?" मोजणीवाल्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

२१ ऑगस्ट

काल सहावं पान झालं. आज दुकानाला सुट्टी. बोटं नुसती शिवशिवत होती. कीबोर्डसाठी, की— जाऊ दे.

२४ ऑगस्ट

तिसऱ्याच्या जागी पंखा ठेवलाय!

मास्तर रजेवर. काउंटरवर दुसराच होता, मिशा कोरलेला.

"तो काल गेला, मॅडम. मांडलेला पीस ना, सवलतीत दिला. तसलाच हवा असेल तर मागवतो."

"त्यात माझं लिहिलेलं होतं."

"तुमचं?" मी चोरी कबूल केल्यासारखं त्याने बघितलं. "विकताना पुसूनच देतो आम्ही."

सात पानं होती. सात.

घरी आल्यावर यांनी साधाच प्रश्न विचारला— "पेनड्राइव्ह का नाही नेलास?" काय सांगू? तपासायचा मजकूर कुणी घरी आणतं का? आणला असता तर मान्य करावं लागलं असतं, की मी प्रकरण लिहिते आहे. आणि लिहिते आहे म्हटलं, की ते वाईटही असू शकतं. बावीस वर्षं मी ते न लिहिता फार छान लिहिलं होतं.

२५ ऑगस्ट

आठवून लिहायला बसले. कागदावर, हाताने. "दूत निघतो"च्या पुढे गेलाच नाही. तिथे सरळ आलेली वाक्यं इथे पायात पाय घालून पडतात. पाचव्या पानावर मी काहीतरी म्हटलं होतं, परतीच्या वाटेवर दूत रिकामा असतो, आणि त्याला त्याची सवय होत नाही, असं काहीतरी. पण ते असं नव्हतं. चांगलं होतं. चिडून पेनाचं टोपण खिडकीबाहेर फेकलं. मग खाली जाऊन शोधून आणलं.

म्हणजे मला ते हवंच होतं. समजलं कधी? गेल्यावर! हुशार बाई.

२७ ऑगस्ट

फोन घेतला. मास्तरच होते काउंटरवर. त्यांनी काल ऐकलं होतं. गुपचूप जुन्यातलं सगळं नव्यात घातलं, नंबर तोच ठेवला. लॅपटॉप नेणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव सांगा, मी शोधते, असं मी म्हणणार होते, पण मास्तर आधीच म्हणाले, "ते सांगता येत नाही, ताई. नियम आहे." मग स्टुलाकडे बघत, "चूक माझी. मी रजा घ्यायला नको होती."

दुपारी बाईंना पत्र दिलं : नोंदणी रद्द करावी. त्यांनी वाचलं, घडी घातली.

"मॅडम, कारण लिहिलेलं नाही."

"मागच्या वेळीही लिहिलं नव्हतं, मॅडम."

"बरं. एकतीसला पाचपर्यंत हे माझ्या टेबलावरच राहील. मग पुढे पाठवते."

मी म्हटलं, आजच पाठवा. त्यांनी ऐकलं नाही. शिष्य कोण, ते कळलं.

२८ ऑगस्ट

मुकादमाचं पुन्हा चित्रण केलं. संपादक खूश— "आता कसा पूल दिसतोय!" कॅमेरा फारच चांगला आहे. सगळं स्पष्ट दिसतं. मधे चुकून माझ्याकडे वळला, तर माझं तोंडसुद्धा. लगेच बंद केला.

मुलाचा मेसेज : "शेवटी फोन? ओके." ओकेच्या पुढे पूर्णविराम देत नाही तो कधी. आज दिला.

२९ ऑगस्ट

काही नाही. टेबल आवरलं. पंधरा इंची खरंच मावला असता.

३० ऑगस्ट

सकाळी अनोळखी नंबर. बाईचा आवाज, मागे चाकांच्या खाटा सरकल्याचा खडखडाट. "ताई, तुम्ही मला ओळखत नाही. मी नर्स आहे, पुढच्या परीक्षेला बसतेय, म्हणून गेल्या आठवड्यात लॅपटॉप घेतला. दुकानात म्हणाले पुसून देतो. मला ड्यूटीची घाई होती. म्हटलं, राहू द्या, मी पुसेन. पुसायला उघडला आणि वाचतच बसले. खाली तुमचा नंबर होता. आम्हीही दिवसभर हेच करतो ना. आतल्याचं बाहेर सांगायचं, बाहेरच्याचं आत. सातव्या पानावर एकदम संपतंय. पाठवते तुम्हाला आत्ता, पण आधी एक सांगा— तो पोचतो का हो शेवटी?"

मी म्हटलं, "उद्या पाचपर्यंत सांगते."