गोलची जाळी

रविवार संध्याकाळ, कळंब

आज पुन्हा हरलो. हरण्याचं एवढं काही नाही, पण गोलची ती जाळी डोक्यातून जात नाही. डाव्या कोपऱ्यात एवढं मोठं भोक, की आमच्या पोरांनी मारलेला फुटबॉल आत गेला आणि तिथूनच बाहेर पडला. रेफ्री म्हणाला, गोल नाही, बॉल बाहेरून गेला.

मॅचनंतर आम्ही चार-पाच समर्थक मैदानातच वाद घालत बसलो. सुरेश म्हणाला, "तात्या हायत म्हणून क्लब हाय. दुसरं कोण पुढं येतंय?" तात्या म्हणजे आमचे अध्यक्ष, कायमचे बिनविरोध. मी म्हणालो, "दर मॅचला पाव्हण्यांचं सत्कार हुत्यात. शाली येत्यात, नारळ येत्यात. मग जाळी का येत न्हाय?"

तात्या मागंच उभे होते. चिडतील असं वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं, निदान जाळीचा विषय तरी निघाला असता. ते हसले. सत्कारातून उरलेली शाल मागवली आणि माझ्याच खांद्यावर घातली. "असं तोंडावर बोलणारी माणसं पायजेत क्लबला." टाळ्या झाल्या. सुरेशनं फोटो काढला.

आणि मी? नारळ घेतला, वाकून नमस्कार केला. का वाकलो? सवय, दुसरं काय.

जाळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मीही नाही.

शाल समोर खुर्चीवर पडलीय. मघाशी दिव्यासमोर धरून पाहिली. एकही भोक नाही.