टाळ्यांच्या मागचा डबा

लंडन, मंगळवार

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे आणि वेळेवर जेवतो. धाकट्या मोरीनचा खोकला थांबला का?

आपल्या वॉल्सॉलला झालेल्या आमच्या बँडच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड तयार होतेय. माझे ड्रम बरे वाजलेत, पण गावाने टाळ्या मोजूनमापून दिल्यात. रेकॉर्डिंगवाला लेन म्हणाला, "तुमच्याकडे लोक खिशात हात घालून गाणी ऐकतात काय? दुसऱ्या शहरातल्या टाळ्या जोडू." असं सगळेच करतात. आम्ही हो म्हटलं.

मग त्याने शेवटच्या गाण्यानंतरचा भाग ऐकवला. टाळ्या विरत आल्यावर मागून पत्र्याच्या डब्यात मक्याचे दाणे खुळखुळले. लेन वैतागला, "हा कोण खुळा?"

मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. संध्याकाळी कबुतरांना खुराड्यात परत बोलवायला बाबा डबा असाच वाजवतात, आधी जोरात, मग हळू.

तू तर कार्यक्रमाच्या दिवशी म्हणालीस, ते घरीच बसलेत. मी कारखाना सोडला तेव्हा तेच म्हणाले होते, "भांडी बडवणाऱ्याने या दारात यायचं नाही."

आपल्याच टाळ्या राहू देत, डब्यासकट, असं मी लेनला सांगितलं. बाकीचे तिघे चिडलेत. रेकॉर्ड खपली नाही तर खापर माझ्यावर फुटेल.

बाबांना काही विचारू नकोस, ते कबूल करणार नाहीत. डबा ऐकू आला म्हणावं. रविवारी जेवायला येतोय.

तुझा,
नेव्हिल