लाल तारेची गाठ

वडनेर भोलजी
१८ मे २०२५

ती. सुचिताताईस,

हर्षलचा नमस्कार. खोकं नीट पोचलं असेल. आई बरी आहे. पापड वाळवून झाले, तुझा वाटा वेगळा काढून ठेवलाय. ऊन इतकं आहे की दुपारी शेडमधल्या पान्याला हात लावता येत नाही. बाबा मजेत आहेत.

फोनवर हे बोलता येत नाही. बाबा हल्ली माझ्याजवळच बसतात, आणि त्यांना सगळं ऐकू येतं. म्हणून ट्रॅक्टर आपोआप वळवणाऱ्या यंत्राच्या बोर्डासोबत हे पत्र घालतोय.

बोर्ड जळलाय. पिशवी उघडशील तेव्हा वास येईल. बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या. तारा उलट्या लागल्या तरी बोर्ड वाचावा म्हणून तू लावायला सांगितलेला डायोड मी काढून टाकला होता. स्टार्टर मारला की बॅटरी आठ व्होल्टपर्यंत बसते, डायोड त्यातलंही थोडं खातो, आणि बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात ट्रॅक्टर कुठे उभा आहे हे तो विसरतो. आधीचा तीन पायांचा रेग्युलेटर बारा व्होल्टचे पाच करताना नुसता तापायचा. नंतरचा कॉइलवाला थंड राहतो, पण स्टिअरिंगच्या मोटरनं जोर लावला की तोही दम सोडतो. तुमच्या कंपनीत तू रोज हेच तपासतेस, म्हणून विचारतो. सहा व्होल्टवर चालेल आणि वरून चाळीसचा झटका सोसेल, असा कोणता घेऊ? मोटरची लाइन वेगळी काढू का?

कनेक्टरचंही सांग. स्क्रूचे नकोत, हादऱ्यानं ढिले होतात. मोटारसायकलच्या वायरिंगला असतात तसे, रबर लावलेले, टक् करून बसणारे बघ. बॅटरीचा आणि सेन्सरचा वेगळ्या आकाराचा हवा, आणि दोन्ही एकाच बाजूनं बसले पाहिजेत. डोळे मिटून लावता आले पाहिजेत.

इथे तू थांबशील, हे मला माहीत आहे.

बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, असं आई तुला सांगते. नंबर नाही, काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला. डाव्यानं नळीतून बघावं तेवढं दिसतं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जाईल. तुला कळवायचं नाही, अशी बाबांनी आईला शपथ घातली आहे. मला घातली नाही. विसरले असतील.

गावात पेरणीचं पहिलं तास, ती पहिली सरळ रेघ, बाबा टाकतात. नारळ फोडायचा, समोरच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं, एक झाड नजरेत धरायचं आणि ट्रॅक्टर सोडायचा. त्यांच्या तासाच्या कडेनं मग सगळं वावर पेरायचं. मागच्या वर्षी मोतीराम काकांच्या वावरात ते तास मधेच वळलं. काका म्हणाले, "निवृत्ती, तास टाकलं का पाटाचं पानी सोडलं बे?" सगळे हसले. बाबाही हसले. त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही.

म्हणून हे यंत्र. वावराची दोन टोकं सांगितली की मधली रेघ ते धरतं. बाबांनी यंदा पहिलं तास टाकावं आणि कोणाला काही कळू नये, एवढंच हवं होतं.

मागच्या आठवड्यात आपल्याच वावरात लावून पाहिलं. मी मडगार्डवर बसलो. स्टिअरिंग आपोआप हलू लागलं तसे बाबांनी हात काढून मांडीवर ठेवले.

"सरळ चाल्लं का बे?"

"सरळ चाल्लं."

"सुतावानी?"

"हो बाबा, सुतावानी."

खरंच तसं होतं. मी मागे वळून तासाकडेच बघत होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "बाभूय अजून किती लांब राह्यली?"

बाभूळ बोनेटसमोर होती. मी इंजिन बंद करायची दांडी ओढली. ट्रॅक्टर थांबला तेव्हा काटे पत्र्याला घासत होते. बाबांनी हात पुढे केला, फांदी हाताला लागली. "आलीच व्हती," म्हणाले. मग उतरले आणि तासात पाय ठेवत ठेवत परत गेले.

संध्याकाळी मोतीराम काका आले. "काऊन बे हर्षल, तुहं डबडं झाड पाहून थांबत नाही काय?"

उत्तर बाबांनीच दिलं. "थांबाले मानूस लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो तेव्हा बोर्डातून धूर निघत होता. बाबा बाजूला बाजेवर बसले होते. "उलट्या लागल्या वाट्टे तारा," म्हणाले. "दिसत नाही ना मले." दिसत नाही, हे ते पहिल्यांदाच बोलले. मी बोर्ड सोडवला आणि तुला पाठवायचं ठरवलं.

ताई, बॅटरीचं प्लसचं टोक जाड असतं, मायनसचं बारीक. बाबांनीच आपल्याला शिकवलं होतं, आईच्या ओढणीनं डोळे बांधून. तू पहिल्या वेळीच ओळखलंस, मी रडलो होतो. आणि लाल तारेला मी गाठ मारून ठेवली होती, त्यांना बोटांनी कळावी म्हणून. ती त्यांना दाखवली होती. त्यांनी चाचपून मान हलवली होती. तार खोक्यात आहे. गाठ तशीच आहे.

मोतीराम काका काल पुन्हा येऊन गेले. यंदा पहिलं तास मी टाकावं म्हणतात. बाबांच्या समोरच बोलले. बाबा मला म्हणाले, "बाभूय धरून चालजो." 

वर विचारलं ते राहू दे, बोर्ड दुरुस्त करू नकोस. रेग्युलेटर, कनेक्टर, काही पाठवू नकोस. पण बोर्ड तुला पाठवला, असं मी बाबांना तेव्हाच सांगून टाकलं. ते रोज विचारतात, "सुचीचं उत्तर आलं का?" मी नाही म्हणतो. ते बरं म्हणतात आणि जेवायला बसतात.

म्हणून उत्तराची घाई करू नकोस. पाऊस लागून पहिलं तास पडेपर्यंत तरी नको.

तुझा,
हर्षल