एकशेवीसचे पंचेचाळीस कोणी केले

मी, या कागदांखाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जळालेल्या मोटरी पुन्हा वाइंडिंग करून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि त्यावर कोणी शंका घेईल म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हे लिहिताना शेडमध्ये दुसरे कोणी नाही व दाराला आतून कडी आहे. याआधी मी तीन मृत्युपत्रे केली होती आणि प्रत्येकातून कोणाला ना कोणाला वगळले होते. ती तिन्ही रद्द समजावीत.

१. राहते घर पत्नी हयात असेपर्यंत तिचे, तिच्यानंतर मुलीचे. जावयाने घरामागच्या माझ्या दुकानाच्या शेडला दोनदा भंगार म्हटले आहे व दोन्ही वेळा मी ऐकले आहे. तेव्हा घराच्या कागदावर एकट्या मुलीचे नाव लागावे. माणूस वाईट नाही, पण आमच्याकडे आला की बोलता बोलता नजरेने भिंती मोजतो.

२. शेजारच्या लेथवाल्याने माझ्या विजेच्या गाडीची मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी चकती केसभर तिरकी कातली. गाडी थरथरली की दोष मात्र माझ्या कंट्रोलरला देत असे. त्याला केसभर तिरकेपणाही दाखवणारा माझा डायल गेज द्यावा. त्याने तो वापरावा, एवढीच अट.

३. गाडी. ही मी घरी बनवलेली विजेची गाडी आहे. जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन काढून तिच्यात कारखान्याच्या मोडीत निघालेली थ्री-फेज इंडक्शन मोटर बसवली आहे. ती बॅटरीवर चालावी म्हणून तिचे वाइंडिंग धाकट्या भावाने नव्याने केले. कंट्रोलर मी जोडला. अशा मोटरीत आतला रोटर बाहेरच्या फिरत्या चुंबकाच्या मागे धावतो आणि नेहमी थोडा मागे राहतो. किती मागे राहायचे ते कंट्रोलरला आकड्यात सांगावे लागते. आकडा कमी पडला तर गाडी चढावर दम सोडते, जास्त झाला तर मोटर नुसतीच तापते. आमच्या मोटरीचा आकडा कुठल्या पुस्तकात नव्हता. पाण्याच्या टाकीकडचा चढ मी एकशे चाळीस वेळा चढलो. दर वेळी घड्याळ लावले, वर पोचल्यावर मोटरीच्या अंगाला हात लावून पाहिला आणि वहीत लिहिले. शेवटी गाडी इतकी अलगद सुटू लागली की शेजारी बसलेल्या पत्नीने पर्स घट्ट धरून बसणे सोडले. मोटरची कमाल फिरकी मी सेकंदाला एकशेवीस आवर्तने ठेवली होती.

ही गाडी, वही व लॅपटॉप पत्नीला. का, ते पुढे लिहितो. कारण माझ्यामागे लोक काहीबाही सांगतील.

४. गेल्या वर्षी एका सकाळी गाडी बैलगाडीसारखी चालू लागली. मागून आलेला सायकलवाला पुढे निघून गेला आणि वळून बघून हसलासुद्धा. लॅपटॉप लावून पाहिले तर एकशेवीसच्या जागी पंचेचाळीस. मी परत एकशेवीस केले. पाच दिवसांनी पुन्हा पंचेचाळीस.

शेडच्या किल्ल्या तीन होत्या. एक माझी, एक पत्नीची, एक धाकट्याची. पत्नीला लॅपटॉपवर मुलीशी बोलण्यापलीकडे काही येत नाही, असे मी समजत होतो. राहिला धाकटा. तो आधीपासून म्हणत होता की या वयात एवढा वेग कशाला. चौतीस वर्षे आम्ही एका बाकावर काम केले, पण माझ्या डोक्यात किडा शिरला की शिरला. मी कंट्रोलरच्या झाकणावर डिंकाने एक केस चिकटवला. तिसऱ्या दिवशी केस तुटलेला. मी त्याला उभे करून विचारले. तो म्हणाला, केबलच्या टोकाचा लग ढिला होता, तो आवळला. मी म्हणालो, चोरी ती चोरीच. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. अकरा महिने आला नाही.

पण आकडा पडतच राहिला. मला वाटले, त्याने दुसरी किल्ली करून घेतली असणार. कुलूप बदलले, नव्या किल्ल्या दोनच, एक माझी व एक पत्नीची. तरी पंचेचाळीस. तेव्हा माझी खात्री झाली की पत्नीच त्याला आत घेते. दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिथेच मी विचारले.

ती म्हणाली, "कोणी येत नाही. मीच करते."

मी म्हणालो, तू त्याला पाठीशी घालतेस. करून दाखव.

ती घडी बाजूला ठेवून उठली, शेडमध्ये आली, लॅपटॉपला केबल लावली, आकड्यांचे पान उघडले, आकडा बदलला आणि कंट्रोलरचा दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत थांबली. तेवढे थांबले नाही तर जुनाच आकडा राहतो, हे समजायला मला तीन महिने लागले होते.

"करंटला मी हात लावत नाही," ती म्हणाली. "चढाला तो लागतो, तुमच्याच वहीत आहे."

मी विचारले, हे कशासाठी. तेव्हा तिने सांगितले. आकडा पहिल्यांदा पडला त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिचा चष्मा आणायला निघालो होतो, टाकीच्या चढावर मी डोळे मिटले आणि माझी मान खाली पडली. तिने हँडब्रेक ओढला. थोड्या वेळाने शुद्धीवर आलो आणि म्हणालो, कंट्रोलर बंद पडला. मग दुपारभर तो उघडून बसलो. मला एवढेच आठवते की त्या दिवशी कंट्रोलरमध्ये दोष काही सापडला नव्हता.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कुलूप माझ्यासाठी बदललं असतं. गाडी काही सोडली नसती."

हे खरे आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मी म्हणालो, मग माझ्या भावाला चोर ठरू दिलेस. ती खाली बसली. म्हणाली, तो गेला त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे गेले होते, तुम्हाला सगळं सांगून टाकते म्हटलं. त्याने नको म्हटले. म्हणाला, "वहिनी, राहू दे. त्याला माझाच संशय येऊ दे. गाडी हळू चालली पाहिजे."

५. मी चालत त्याच्याकडे गेलो. तो पंख्याची मोटर भरत बसला होता. मी दारातूनच म्हणालो, चुकलो. त्याने मान वर न करता बस म्हटले, वेढे मोजतोय, आकडा चुकेल. दोनशे सोळा होईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिलो. मग त्याने तार कापली, पाणी आणून दिले आणि छातीचे काय म्हणाले डॉक्टर, असे विचारले. मी अजून कोणाला दाखवले नव्हते. त्यानेच नेले.

आता माझ्या छातीत ठोके सांभाळणारे यंत्र आहे. त्याचेही आकडे डॉक्टर लॅपटॉपवरून बदलतात. कमीत कमी व जास्तीत जास्त ठोके किती ठेवलेत ते मी वहीत उतरवून घेतले आहे आणि दर भेटीला ताडून पाहतो. गाडी मी चालवत नाही. पत्नी शिकली. तिने कमाल फिरकी सत्तर ठेवली आहे. का सत्तर, ते सांगत नाही. मी विचारणे सोडलेले नाही.

६. ~~वाइंडिंगचे दुकान, यंत्रे व तारेचा साठा धाकट्या भावाला.~~

हे कलम मी खोडले आहे. वरील मजकूर लिहून झाल्यावर मी कडी काढली आणि त्याला वाचायला बोलावले. त्याने चारही पाने उभ्यानेच वाचली. मग विचारले, साक्षीदार कोण. मी म्हणालो, एक डॉक्टर, दुसरा लेथवाला. तो म्हणाला, हे सहावं खोड. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील सांगतात. मी म्हणालो, पण दुकान तुझ्या हातांनी उभे राहिले आहे.

"दादा, दुकान कोणाकडेही जाऊ दे," तो म्हणाला. "अकरा महिने तू माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाहीस. तू लिहिलंस ते खरं आहे याला साक्ष माझी घाल."

मी पेन घेतले आणि खोडले.

तेव्हा दुकान पत्नीला. तिने किल्ली कोणाला द्यावी हे मी लिहीत नाही.

ठिकाण: राहत्या घरामागील शेड, कामाचे टेबल.
दिनांक: ११ जून, गुरुवार, सकाळ.

सही, लिहून ठेवणारा. कलम सहा खोडल्याबद्दल समासात वेगळी सही केली आहे.

साक्षीदार पहिले, डॉक्टर: यांनी माझ्यासमोर शुद्धीवर असताना सही केली. सहीआधी यांनी माझे ओळखपत्र मागून पाहिले.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: दादाने माझ्यासमोर सही केली. मी पाहिली.